चारशेचा रोल सोळाशेवर: सोलापुरात ब्लॅक अँड व्हाइट पुश करायची पद्धत

जुना कॅमेरा कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर निघतोच. याशिका, झेनिट, पेंटॅक्स, नाहीतर कुणी गल्फमधून आणलेला कॅनन. साफसूफ करून पहिला रोल आपण भुईकोट किल्ल्यात दुपारच्या उन्हात काढतो, छान येतो, आणि मग संध्याकाळनंतरचं सोलापूर काढावंसं वाटायला लागतं. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेतली, म्हणजे गड्ड्यातली गर्दी, पूर्व भागातल्या लूमच्या शेड, भल्या पहाटेचं मार्केट यार्ड. तिथे उजेड इतका कमी की चारशे आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मचा स्पीड, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) रोलवर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर १/१५ सेकंद मागतो, आणि हातात धरून १/१५ ला फोटो हलतोच हलतो. फ्लॅश मारावा तर त्या जागेचा जो उजेड काढायला आपण गेलो तोच मरतो. म्हणून पुश शिकून घ्यायचं, अवघड काही नाहीये, फक्त आपल्या गावच्या उन्हाचा आणि पाण्याचा हिशोब त्यात धरावा लागतोय.

चारशेचा रोल सोळाशेचा समजून एक्सपोज करायचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दोन स्टॉप उजेड कमी मिळतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि ती तूट नंतर डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणाऱ्या रसायनात, रोल जास्त वेळ ठेवून भरून काढायची, एवढंच पुश. पण तूट सगळी भरून निघत नाही हे आधीच मनाशी पक्कं करा. फिल्मवर जिथे उजेड पडलाच नाही तिथे डेव्हलपर अर्धा तास ठेवला तरी काही उमटत नाही. वाढतं काय, तर जिथे थोडाफार उजेड पडलाय तो भाग, म्हणजे चेहरा, कपडे, भिंत, आणि सगळ्यात जास्त वाढतो तो आधीच उजळ असलेला भाग, बल्ब, पांढरा सदरा वगैरे. त्यामुळे कॉन्ट्रास्ट चढतो, ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, दिसायला लागतो, आणि अंधारे कोपरे काळेच राहतात. मला तरी रात्रीच्या फोटोत काळा कोपरा काळाच आवडतो, पण ज्यांना सावलीतली प्रत्येक वस्तू दिसायला पाहिजे त्यांनी ट्रायपॉड लावून चारशेवरच काढावं, पुश त्यांच्या कामाचं नाही.

रोल कोणता घ्यायचा? इलफर्डचा एचपी५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स ४००, हे दोन डोळे झाकून घ्या, सोळाशेला दोन्ही आरामात जातात आणि बत्तीसशेला पण ओढता येतात. केंटमेअर ४०० स्वस्त पडतो, आठशेपर्यंत छान, सोळाशेला जरा कडक होतो. फोमापॅन ४०० मात्र पुशला घेऊ नका, त्याचा खरा स्पीडच चारशेपेक्षा कमी आहे, सावल्या पार जातात. आणि रोल भरायच्या आधीच ठरवा की हा सोळाशेचा, कारण अख्खा रोल एकाच टाकीत एकाच वेळेला डेव्हलप होणार, अर्ध्या फ्रेम चारशेवर आणि अर्ध्या सोळाशेवर असं चालत नाही. डबीवर मार्करने मोठ्या अक्षरात १६०० लिहून टाका, दोन महिन्यांनी तो ड्रॉवरमध्ये सापडला की अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता कॅमेरा. पुशला दोन गोष्टी लागतात, लेन्स एफ/२ च्या आसपास उघडणारी (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी) आणि शटरचा भरवसा. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ असेल तर प्रश्नच नाही, बॅटरी संपली तरी सगळे स्पीड चालतात, मीटर फक्त बंद होतो. झेनिट-ई ची हेलिओस ५८ मिमी एफ/२ लेन्स रात्रीला झकास, पण त्याचा सेलेनियम मीटर कमी उजेडात हलतच नाही, तेव्हा मोबाईलवर लाइट मीटरचं ॲप घ्या. याशिका इलेक्ट्रो ३५ ला एफ/१.७ ची लेन्स आहे आणि आवाज अगदी बारीक, देवळात काढायला मस्त. पण तो शटर स्पीड स्वतः ठरवतो आणि जीएसएन मॉडेलच्या आयएसओ चकतीवर १००० च्या पुढे आकडाच नाही, तेव्हा त्यात रोल आठशेला ठेवायचा आणि आठशेलाच डेव्हलप करायचा. हाताने सेट होणारा कॅमेरा असेल आणि चकती आठशेला संपत असेल तर सोपं आहे, चकती आठशेवर ठेवा आणि मीटर जे सांगेल त्याच्यापेक्षा एक स्टॉप कमी द्या, म्हणजे तो १/६० म्हणाला की तुम्ही १/१२५ लावा.

बॅटरीचं एक बघा. जुन्या कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. त्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की रीडिंग चुकतं. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी असते, साधारण १.४ व्होल्टची, ती कडेला रबराची रिंग घालून बसवा, चालते. त्यावरचं स्टिकर काढलं की ती काही आठवड्यांत उतरते, म्हणून फोटो काढायच्या दिवशीच काढा.

मागच्या दाराचा फोम बघाच. जुन्या कॅमेऱ्यात तो काळ्या चिकट डांबरासारखा होऊन बोटाला लागतो. खरवडून स्पिरिटने पुसा आणि खाचेत काळी लोकर भरा, गल्लीतल्या लोकरीच्या दुकानात मिळते. ॲगफा क्लिक थ्रीसारखा मागे लाल काच असलेला कॅमेरा असेल तर त्या काचेवर काळी चिकटपट्टी मारा आणि रोल फिरवतानाच, तेही सावलीत, उचला. आजच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो, सोलापूरच्या उन्हात ती काच रोल खराब करते.

फोटो काढताना आकडे कसे धरायचे? सोळाशेवर, एफ/२ आणि १/१२५, नाहीतर एफ/२.८ आणि १/६०, हे घरातल्या बऱ्या उजेडाचं आणि दुकानांचे दिवे चालू असलेल्या रस्त्याचं ढोबळ एक्सपोजर. इथून सुरुवात करा आणि चेहऱ्याजवळ जाऊन मीटर बघा. लांबून सगळ्या सीनचं मीटर घेतलं आणि फ्रेममध्ये ट्यूबलाइट आली की मीटर फसतो, तो ट्यूब बघून उजेड कमी करतो आणि माणूस काळा पडतो. पुशमध्ये आधीच दोन स्टॉप कमी आहेत, त्यात आणखी एक गेला तर चेहरा परत येत नाही. शंका वाटली तर अर्धा स्टॉप जास्त द्या, कमी कधीच नको.

लूमच्या शेडमध्ये जायचं तर मालकाला आणि कामगारांना आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, फक्त चालू मागाच्या फार जवळ जाऊ नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा लोंबकळू देऊ नका. तिथे ट्यूबलाइट असतात, त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/२५० वगैरेला एकेका फ्रेमवर उजेडाचे पट्टे येऊ शकतात. १/६० ला ही भानगड होत नाही आणि धोट्याची धाव पण थोडी ओढल्यासारखी येते, ती छानच दिसते. पण तिथली खरी काळजी हवेत उडणाऱ्या कापसाची. शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तरी शर्टावर, भुवयांवर पांढरं बसतं, आणि तेच कॅमेऱ्याच्या आत गेलं तर फिल्मच्या गेटला, म्हणजे फिल्मपुढच्या चौकटीला, तंतू चिकटून पुढच्या प्रत्येक फ्रेमच्या कडेला केस आल्यासारखा दिसतो. डबीच्या तोंडाला जो मखमली पट्टा असतो त्यात एखादा कडक कण अडकला तर रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा. म्हणून शेडमध्ये रोल बदलायचा नाही म्हणजे नाही, बाहेर यायचं, रस्त्यापासून लांब सावलीत उभं राहायचं, कॅमेरा पुसायचा, दार उघडून ब्लोअरने दोन फुंकर मारायच्या आणि मग नवीन रोल भरायचा.

गड्ड्याचं वेगळं आहे. अक्षता सोहळा दिवसाउजेडी असतो, तिथे पुश कशाला, रोल चारशेलाच ठेवा. शोभेच्या दारूकामाला पण पुश नको, ट्रायपॉडवर बी ला (बटण दाबून धराल तोवर) शटर उघडं ठेवा, चारशेला एफ/११ ते एफ/१६, दारू स्वतःच एवढी उजळ असते. पुश लागतं ते रात्रीच्या नंदीध्वजांना, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांना, आणि यात्रेतल्या पाळण्यांना, दुकानांना. नंदीध्वज धरणारे पांढऱ्या बाराबंदीत (बंद बांधायचा अंगरखा), चेहरे सावळे आणि मागे काळोख, वरून दिव्यांचा झोत, असा सीन म्हणजे पुशची परीक्षाच आहे. सोळाशेला नेहमीसारखं डेव्हलप केलं तर बाराबंदीची कापडाची घडी, बंद, सगळं पांढऱ्यात विरून जातं आणि नुसता पांढरा आकार राहतो. अशा वेळी मी आठशेवर थांबतो, लेन्स पूर्ण उघडतो, १/३० पर्यंत खाली येतो आणि काठी तोलताना माणूस क्षणभर स्थिर होतो तेव्हा दाबतो. डेव्हलप करताना टाकी हलवायचं पण कमी ठेवायचं, ते पुढे सांगतो.

डेव्हलपर म्हणजे आयडी-११ किंवा डी-७६, दोन्ही जवळपास एकच फॉर्म्युला. डी-७६ कोडॅकने १९२७ मध्ये आणला आणि तो इतका साधा आहे की घरी पण बनवता येतो: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने. पाणी साधारण पन्नास डिग्रीचं घ्या, मेटॉल आधी विरघळवा कारण सल्फाइट आधी टाकलं की मेटॉल नीट विरघळत नाही. बोरॅक्स म्हणजे टाकणखार, पण किराणातला घेऊ नका, केमिकलच्या दुकानातला शुद्ध घ्या. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते. पुशला सगळ्यात चांगला मायक्रोफेन, सावल्या थोड्या जास्त राखतो, मिळाला तर घ्या. कोणताही असो, पुशसाठी डायल्यूट न करता स्टॉकच वापरा आणि ताजा वापरा. आरओचं पाणी घ्या, बोअरचं नको, आपल्याकडे बोअरला क्षार फार.

एचपी५ प्लसचे इलफर्डने दिलेले टाइम, आयडी-११ स्टॉकमध्ये, २० डिग्रीला: चारशेला साडेसात मिनिटं, आठशेला साडेदहा, सोळाशेला चौदा. डी-७६ स्टॉकला चारशेला तेच साडेसात, पण आठशेला साडेनऊ आणि सोळाशेला साडेबारा. मायक्रोफेन स्टॉकमध्ये सोळाशेला अकरा, बत्तीसशेला सोळा.

पण २० डिग्री सोलापुरात आणायचं कुठून? जानेवारीच्या पहाटे सोडल्या तर आपल्याकडे पाणी वीसला नसतं. आणि इथेच पुशचा फायदा आहे जो थंड गावातल्या लोकांच्या कामाचा नाही. डेव्हलपर गरम असला की टाइम कमी होतो, दर डिग्रीला ढोबळमानाने आठ टक्के. चारशेचा साधा साडेसात मिनिटांचा रोल २६ डिग्रीला साडेचार मिनिटांवर येतो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपर ओततानाच फरक पडून आकाशात, भिंतीवर डाग-पट्टे येतात. सोळाशेचा चौदा मिनिटांचा रोल मात्र २४ ला दहा मिनिटं आणि २६ ला साडेआठ मिनिटं, म्हणजे अगदी निवांत. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात साध्या रोलपेक्षा पुशचा रोल सुखाने डेव्हलप होतो, माझं तर मत आहे की उन्हाळ्यात पुशचेच रोल टाकीत घालावेत आणि साधे थंडीसाठी फ्रीजमध्ये ठेवावेत. २६ च्या वर मात्र जाऊ नका.

२४ ला आणायला बर्फाचे खडे थेट डेव्हलपरमध्ये टाकायचे नाहीत, तो पातळ होतो. माठ आहे ना घरात? आपली हवा कोरडी, त्यामुळे माठातलं पाणी मे महिन्यात पण चांगलं गार असतं. घमेल्यात माठातलं पाणी घ्या, त्यात डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारा), फिक्सर (फोटो फिल्मवर कायम करणारा) यांच्या बाटल्या गळ्यापर्यंत ठेवा, जरूर पडली तर घमेल्यात बर्फ टाका, आणि तिन्ही बाटल्या एका तापमानाला येऊ द्या. तिन्ही, फक्त डेव्हलपर नाही. धुवायचं पाणी पण त्याच्याच जवळचं पाहिजे, दोन-तीन डिग्री इकडेतिकडे चालेल. गच्चीवरच्या सिंटेक्सचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते फिल्मवर गेलं तर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा फोटोचा थर, मऊ पडून सोलवटतं किंवा त्याला सुरकुत्या पडतात आणि ते कशानेच दुरुस्त होत नाही. रात्री दोन बादल्या भरून फरशीवर झाकून ठेवा, पहाटे काम करा.

रोल टाकीतल्या रीळावर चढवायला पूर्ण अंधार लागतो. चेंजिंग बॅगमध्ये (आत हात घालून काम करायची काळी पिशवी) उन्हाळ्यात हाताला घाम सुटतो आणि ओलसर फिल्म रीळावर अर्ध्यात अडकते. त्यापेक्षा रात्री बाथरूममध्ये करा, खिडकीला आणि दाराला घडी घातलेली सोलापुरी चादर लावा, खालची फट टॉवेलने बुजवा. आत पाच मिनिटं उभं राहून बघा, हात दिसायला लागला तर कुठून तरी उजेड येतोय. रीळ कोरडं ठणठणीत पाहिजे. खराब रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करा, नंतर अंधारात हात आपोआप चालतात.

एकदा टाकीचं झाकण बसलं की लाइट लावा. पॅटरसनच्या टाकीत ३५ मिमीच्या एका रोलला ३०० मिली लागतं. डेव्हलपर भराभर ओता, घड्याळ चालू करा, पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटीपालटी करा, टाकी ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे निघतात. मग दर मिनिटाला पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा. बाराबंदीसारखा पांढराशुभ्र सीन असेल तर पहिल्या मिनिटानंतर दोनच वेळा, अगदी हळू उलटवा. उजळ भागातला डेव्हलपर लवकर दमतो, त्याला ताजा मिळाला नाही की तो भाग जास्त चढत नाही, सावलीतला डेव्हलपर मात्र काम करत राहतो. उलट जोरजोरात, सारखी टाकी हलवली तर पांढरं सगळं जळालंच समजा. वेळ संपायच्या दहा सेकंद आधी ओतायला सुरुवात करा.

स्टॉप बाथला साधं पाणी पण चालतं, नाहीतर पाच टक्के आम्लाचं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग, तीस सेकंद. मग रॅपिड फिक्सर एकास चार. किती वेळ? रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा फिक्सरमध्ये टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा, त्याच्या तिप्पट वेळ रोल ठेवा. फिक्सर परत परत वापरता येतो, तुकडा साफ व्हायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की बदला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, झाडांना किंवा आडात ओतू नका.

धुवायला वाहता नळ लागतो असं जुने लोक सांगतात, पण आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं. इलफर्डची एक पद्धत आहे जी सोलापूरसाठीच काढल्यासारखी वाटते मला. फिक्सरनंतर टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटवा, ओता. परत भरा, दहा वेळा उलटवा, ओता. परत भरा, वीस वेळा, ओता. झालं, एका रोलला जेमतेम लिटरभर पाणी. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, गॅरेजवाल्याकडे बॅटरीचं मिळतं ते, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणारं द्रव) दोन थेंब, त्यात अर्धा मिनिट बुडवा आणि बोटांनी न पुसता तसाच टांगा. वाळवायला पंख्याखाली किंवा गच्चीवर नाही, धूळ चिकटेल. बाथरूममध्येच, आधी चार तांबे पाणी भिंतींवर मारून, खाली चिमटा लावून, दार बंद.

वाळल्यावर निगेटिव्ह खिडकीशी धरा आणि फोटोंच्या आधी कडेचे छापील आकडे बघा. ते आकडे कंपनीनेच एक्सपोज करून ठेवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही, ते फक्त डेव्हलपिंग कसं झालं ते सांगतात. आकडे गडद काळे आणि फोटो फिके, म्हणजे डेव्हलप बरोबर झालंय पण उजेड कमी दिला, पुढच्या वेळी चेहऱ्याजवळ मीटर घ्या नाहीतर आठशेवर या. आकडेच फिके, तर डेव्हलपर थंड, शिळा किंवा वेळ कमी पडला, थर्मामीटर तपासा आणि दहा-पंधरा टक्के वेळ वाढवा. आकडे काळे आणि बल्बभोवतीचा भाग इतका दाट की पलीकडचं वर्तमानपत्र त्यातून दिसत नाही, तर वेळ दहा टक्के कमी करा आणि टाकी हळू हलवा. मोबाईल किंवा डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर एक्सपोजर सावलीवर नाही, निगेटिव्हच्या त्या दाट भागात काही दिसतंय का ते बघून धरा, आणि सॉफ्टवेअरमध्ये काळा काळाच राहू द्या, सावल्या ओढून वर आणल्या की तिथे नुसता राखाडी ग्रेन येतो.